पट्ट्याचं तिसरं भोक

आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला आले, तेव्हा पोट सुटायला लागलं होतं. पट्टा मात्र भरतीच्या वेळी बसायचा त्याच तिसऱ्या भोकात बसला पाहिजे. रोज सकाळी श्वास आत ओढायचा, दातओठ खायचे आणि बक्कल लागलं की माझ्याकडे ऐटीत बघायचं. "आवं, आता कोण मोजायला येतंय?" मी म्हणायची. ऐकतील तर शपथ.

एकदा पँटची शिवण मांडीपाशी उसवली. अंगावरच टाचून दे म्हणाले. सुई कापडातून थेट मांडीत गेली, रक्ताचा ठिपका उमटला, आणि हे निवांत चहा पीत होते.

मग कबूल झाले. "आधी नुसती आग व्हायची, आता कायच कळत न्हाई. आबांसारखं होणार बघ माझं." आबा म्हणजे माझे सासरे. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले ते शेवटपर्यंत. एवढा धिप्पाड माणूस हे एकटाच गिळून बसला होता, त्याचा मला रागच आला.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून बघितला. ताकद शाबूत होती. साखरही ठीक निघाली. पट्टा सोडायला लावला तर कमरेला लाल वळ. मग कापसाचा बोळा मांडीवर फिरवत, जिथं कळत नव्हतं तिथं पेनानं रेघ ओढत गेल्या. बाहेरच्या अंगाला भाकरीएवढा भाग निघाला.

"अर्धांग नाही हे. एक बारीक नस कमरेच्या हाडाजवळून मांडीत उतरते. ती पाय हलवत नाही, फक्त स्पर्श कळवते. पट्ट्यानं ती दाबली गेलीय. सैल घाला, पोट कमी करा. बहुतेकांचं सुधारतं, पण वेळ लागतो."

मी त्या रेघेकडे बघतच राहिले. शेवईएवढी नस, आणि एवढ्या कातडीचं ऊन, वारं, टोचणं सगळं तिच्या एकटीच्या जिवावर. इतकी वर्षं संसार केला, पण ह्या माणसाच्या अंगात असं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. हात जोडावेसे वाटले, खरंच.

हे नाडीच्या पायजम्यावर आले. मांडी तशीच बधीर. मी रोज विचारायची, "कळतंय का?" ते नाही म्हणून मान हलवायचे. पुढं पुढं मी विचारणंच सोडलं.

परवा थंडीत सकाळी पलूसहून गाडीवरून येत होतो. खड्डा आला तशी मी त्यांची तीच मांडी धरली. गाडी हळू झाली, मग थांबली. मागं न बघता ते म्हणाले, "हात काढू नगं. लय गार हाय तुझा."