बेवारस लोखंड, एक नग

बडोद्यात पोलीस निरीक्षक असतानाचं हे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. वासणा भागातल्या एका चौकात पोलादाचं आधुनिक शिल्प बसवलं होतं. त्याची माणसाएवढी कमान एका सकाळी नाहीशी झाली. शिल्पकार बाई स्वतः फिर्याद द्यायला आल्या. कमान कशासारखी दिसते, असं ठाणे अंमलदाराने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कशासारखीच नाही." त्याने तसंच लिहून घेतलं.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. करजणच्या एका भंगारवाल्याकडे तसलीच वाकडी पोलादी पट्टी आली होती. आम्ही माल आणि मालक दोन्ही ठाण्यात आणले. तासभर मी उलटसुलट विचारलं. पट्टी जुन्या टाकीची आहे आणि संध्याकाळी हरणीला मुलीचा साखरपुडा आहे, एवढंच तो सांगत राहिला. पकडलेल्या माणसांच्या घरी नेमकं त्याच दिवशी कार्य निघतं, हा माझा अनुभव. मी त्याला बाकावर बसवून ठेवलं.

ओळख पटवायला बाईंना पुन्हा बोलावलं. पट्टी पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्या खोलीत चहा घेताना त्यांची नजर खिडकीबाहेर मागच्या आवारात गेली.

"ती माझी," त्या म्हणाल्या.

कमानीवर आमच्या शिपायांचे गणवेश वाळत होते. जमादाराला विचारलं. टेम्पोच्या धडकेने ती रस्त्यात आडवी पडली, वाहतूक अडली, म्हणून त्यानेच ती उचलून आणली होती. डायरीत रीतसर नोंद होती: 'बेवारस लोखंड, एक नग.' खाली माझी सही.

मी भंगारवाल्याची माफी मागितली. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, माफी राहू द्या. मला पोलिसांनी नेलं हे व्याह्यांना कळलंय. त्यांना काय सांगू?"

त्याला जीपमधून मीच हरणीला नेलं. व्याही निघायच्या बेतात होते. सगळ्या पाहुण्यांसमोर मी सांगितलं की या माणसाचा काही दोष नाही. न वाचता सही केली ती मी. बोलताना माझे पाय चक्क लटपटत होते. व्याह्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बेसो साहेब, जमीने जजो." म्हणजे जेवूनच जायचं. मी बसलो.

नोकरीत इतरांचे जबाब पुष्कळ घेतले, स्वतःचा दिला तो तेवढा एकदाच. समोरचा माणूस थरथरतोय म्हणजे खोटं बोलतोय, असं त्यानंतर मी कधी धरून चाललो नाही.