इंग्रजी शब्दांना गाव विचारणारे सर

इंग्रजी शब्दाला गाव विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे पाहुणेसर. हे नाव अर्थात आम्ही पोरींनी ठेवलेलं. हसनाबादच्या शाळेत फळ्यावर नवा शब्द आला की ते म्हणत, "पाहुणा आलाय. कुठून आला, कुठं कुठं मुक्काम केला, विचारा की त्याला." सत्तरच्या दशकात आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी पाणी देत आणि लगेच गाव विचारत, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. धडे मात्र कायम मागे पडत.

'नाइस' या विशेषणाने तर आमचा अख्खा आठवडा खाल्ला. लॅटिनमधून निघाला तेव्हा म्हणे तो 'अडाणी' होता. फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचला तो 'मूर्ख' म्हणून. मग कुठे 'चोखंदळ' झाला, कुठे 'नाजूक', कुठे 'काटेकोर', आणि आता 'छान'. सांगताना सर स्वतःच हरखून जात. मला तर वेडच लागलं. मेंढ्या वळताना मी बाभळीलाही गाव विचारायची.

मॅट्रिकच्या पेपरात 'नाइस' वापरून एक वाक्य करायचं होतं. मी त्याचा सगळा प्रवास लिहीत बसले, निम्मा इंग्रजीत, निम्मा मराठीत. निबंध आणि पत्र तसेच राहिले आणि मी इंग्रजीत आपटले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं की आता शाळा बंद, पोरीने मेंढरं राखायची. मी दोन दिवस जेवले नाही.

सरांनी माझ्याकडून पेपराची हकिगत काढून घेतली आणि थेट घरी आले. "चूक पोरीची नाही, माझी आहे," असं त्यांनी अण्णांना स्वच्छ सांगितलं. मग म्हणाले, "मामा, अडाण्याचा छान व्हायला त्या शब्दाला कैक पिढ्या लागल्या. पोरीला एक वर्ष द्या."

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "एकच. बिलकुल एकच," ते म्हणाले.

त्या वर्षी सरांनी मला कुठल्याच शब्दाचं गाव न सांगता शिकवलं. त्यांना ते किती जड जात होतं, मला दिसत होतं. निकालाआधीच त्यांची मंठ्याला बदली झाली. मी पास झाल्याचं कळलं तसे अण्णा कुणाला न सांगता एसटीत बसले आणि मंठ्याला जाऊन आले.

संध्याकाळी ओसरीवर टेकत ते आईला म्हणाले, "गुरुजी इचारून राह्यले व्हते, पोरगी पुढं काय करनार. मी सांगून आलो, जालन्याच्या कॉलेजात जाईल."

"मंग मेंढरं?" आईने विचारलं.

"मी हाये की," अण्णा म्हणाले.