काकांचा चहा आणि लेकीचा फोन

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त नर्स. दूरदेशीच्या लेकीचा इंटरनेटवरून फोन आठवड्यातून एकदाच यायचा, त्यातही तिचा आवाज तुटायचा. दुरुस्तीवाला तिसऱ्यांदा जिने चढून आला आणि धापा टाकत म्हणाला, "राउटर बदलला, वायर बदलली. आता मीच तेवढा बदलायचा राहिलोय."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे चहावर जगणाऱ्या आमच्या काकांनी, गार झालेला कप मायक्रोवेव्हमध्ये सरकवला. लगेच लेकीच्या आवाजाच्या चिंध्या!

"काका, बंद करा ते!" दुरुस्तीवाला ओरडला. "त्याच्या लहरी राउटरच्या आड येतात."

काकूंनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं माझं बोलणं तोडतायत, आता स्वयंपाकघरातूनसुद्धा!"

मायक्रोवेव्ह थांबला. लेकीचं पहिलं अख्खं वाक्य ऐकू आलं, "आई, दमलेली वाटतेस गं."

"दमलेच आहे. पण तू बोल, आज सगळं ऐकू येतंय."