बन्सीधर मुनिमाचं यंत्र

झरीचे बन्सीधर मुनीम परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, व्यंकटरावांच्या आडतीवर सव्वीस वर्षं होते. दुकानाचे चेक तेच लिहायचे, सही तेवढी मालकाची. बँकेत किती शिल्लक आहे हे विचारलं की वही न उघडता सांगायचे.

शहाऐंशी साली मालकाच्या जावयानं दुबईहून एक यंत्र आणलं. चेकबुकाच्या पाकिटात बसणारा कॅल्क्युलेटर. चेक फाडला की रक्कम दाबायची, तो वजा करून उरलेली शिल्लक दाखवायचा आणि बंद केला तरी ती विसरायचा नाही.

"ह्याची काय गरज हाय मालक?" मुनीम म्हणाले. पण जावयाची भेट, म्हणून वापरू लागले.

त्या उन्हाळ्यात पेडगावच्या आबासाहेबांना तूर विकल्याच्या पट्टीचा चेक दिला, तो न वटता परत आला. आबासाहेब तडक दुकानात आले.

"व्यंकटराव, बँकेत चार लोकांसमोर मान खाली गेली माझी. किती वर्षं माल घालायलोय तुमच्याकडं!"

व्यंकटरावांनी त्यांना रोख पैसे दिले, हात जोडले. मग पाहिलं, तर यंत्रात शिल्लक भरपूर दिसत होती.

"मशीन बिघडलंय," मुनीम म्हणाले.

मालकानं विश्वास ठेवला. हैदराबादेहून दुसरं मागवलं.

महिनाभरानं मुनीम फाडलेल्या चेकांची चेकबुकात उरलेली अर्धुकं चाळत होते. एका अर्धुकावर त्यांच्याच अक्षरात एका ट्रकवाल्याचं नाव होतं, तारीख कालची. तो चेक लिहिल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. यंत्रातही तो दाबलेला नव्हता. मागची दोन अर्धुकं पाहिली. तीही तशीच.

त्यांनी चेकबुक मिटलं. मग मालकाजवळ गेले.

"मालक, पहिलं मशीन बिघडलं नव्हतं. मी लबाड बोललो. चेक फाडतो अन् दाबायचं विसरायलोय. फाडल्याचंबी ध्यानात ऱ्हाईना."

व्यंकटरावांनी ट्रकवाल्याच्या चेकापुरते पैसे बँकेत भरले आणि मुनिमांना काट्यावर पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. दिवाळीनंतर एकदा घरी जाताना मुनीम झरीची गाडी सोडून पाथरीच्या गाडीत बसले. तिथल्या स्टँडवर दुसऱ्या दिवशी सापडले. बायकोनं, धुरपताबाईनं, त्यांचं दुकानात जाणं बंद केलं.

संक्रांतीला व्यंकटराव झरीला आले. मुनिमांनी अदबीनं सतरंजी टाकली, चहा सांगितला. धुरपताबाई दाराआड उभी होती.

"कोणतं गाव म्हणायचं पाव्हण्यांचं?" मुनिमांनी विचारलं.

"परभणी," व्यंकटराव म्हणाले.

मुनीम जरा पुढं सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "मग मोंढ्यात कुणाची वळख असंल तर बघा की. लिहायचं काम येतं मला. लय दिवस झाले, रिकामाच हाय."