धारेचा पेला

अखेरच्या भेटीत दगडू मोठ्याने बोलत होता. त्याला ऐकू येईनासे झाले होते, म्हणून साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "शेळ्यांना पाणी कोण पाजतंय रं?" मी त्याच्या सुनेकडे बोट दाखवले. त्याने मान हलवली. त्याच आठवड्यात तो गेला.

दगडू मूळचा गंगापूरकडचा. पाटबंधारे खात्यात आम्ही शेजारच्या टेबलांवर नोकरी काढली. निवृत्तीनंतर त्याने पडेगावात घर बांधले आणि परसात शेळ्या पाळल्या. सकाळी फिरत मी तिथवर पोचलो की तो आचळाखाली पितळी पेला धरी आणि फेसाळ दूध पुढे करी. मला दूध सोसत नाही. मी चहा मागे. "चहा पिऊन पिऊन वाळून चालला. अरं, उकळलं की दुधातला जीव जातो!" हे त्याचे ठरलेले वाक्य. मी वाचलो तो शहाणपणामुळे नव्हे, पोटाच्या तक्रारीमुळे. पावसाळ्यात डेंगी पसरला की वस्तीतले लोक त्याच्या दारी भांडी घेऊन येत. शेळीच्या कच्च्या दुधाने रक्तातल्या पेशी वाढतात, असा आपल्याकडे समज आहे. दगडू सर्वांना फुकट देई. ताप आपल्या गतीने उतरे. श्रेय शेळीला मिळे.

मग त्यालाच ताप आला. संध्याकाळी चढे, घाम फुटून उतरे. डेंगीच असणार, असे सर्वांनी ठरवले आणि त्याच्याच शेळीचे दूध त्याला दोन्ही वेळा पाजले. धार त्याची बायको, आमच्या वहिनी, स्वतः काढीत. पुढे कंबर धरली, कान गेले, पाय लटपटू लागले... तेव्हा कुठे शहरातल्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातले पाणी तपासले आणि विचारले, "घरी जनावरं आहेत?" मुलगा म्हणाला, "शेळ्या हायेत. पण त्यांचं काय?" न उकळलेल्या दुधातून गेलेला जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. असे फार क्वचित होते, असे डॉक्टर म्हणाले. औषधे सुरू झाली, पण उशीर झाला होता. वहिनींनी मला व्हरांड्यात गाठले. "भाऊजी, त्यांना कळू देऊ नका. शेळ्यांवर लई जीव हाय त्यांचा." मी कळू दिले नाही.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी शेळ्यांचे रक्त तपासले. एकीत तोच जंतू निघाला, तिला नेले. बाकीच्या आहेत.

परवा गेलो होतो. पेला गोठ्याच्या खांबाला, त्यानेच ठोकलेल्या खिळ्यावर आहे. शेजारचा तरुण रिकामा तांब्या घेऊन आला.

"काकू, पोरीला ताप हाय. जरासं दूध द्या."

"थांब, उकळून देते."

"उकळून नको. काकाच म्हणायचे ना, उकळलं की दुधातला जीव जातो?"

वहिनी आत गेल्या. त्यांनी पातेले गॅसवर चढवले आणि दूध वर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. बाहेर येऊन पाहतात तो अंगण रिकामे. तरुण तांब्या घेऊन पुढच्या गल्लीकडे निघाला होता. तिथेही शेळ्या आहेत.