दोनदा लागणारा दिवा

सावद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारे नाना गेल्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी, शाळेतून घरी येताना रस्त्यातच वारले. निरोप मला जळगावला, वृत्तपत्राच्या कचेरीत फोनवर मिळाला. लहानपणापासून मी त्यांचा शेजारी.

नानांच्या पत्नीला, अक्कांना, विषमज्वरानंतर ऐकू येईनासं झालं होतं. नाना कडी वाजवून थकत आणि उन्हात ओट्यावर बसून राहत. येणारे-जाणारे विचारत, "मास्तर, आज बी बाहीरच का?" विजेचा दिवा बसवावा तर वीज निम्मा दिवस नसे, आणि सेल संपल्याचं बाहेर उभं राहिल्यावरच कळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सेलवरची, बंद पडलेली गजराची घड्याळं जमवली. त्यांत आवाज करणारी पातळ पितळी चकती असते. तिच्यावर ठोका पडला की ती स्वतःच किंचित वीज देते. अशा चकत्या त्यांनी दारातल्या फळीखाली बसवल्या आणि तार चुलीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. फळीवर पाय पडला की तिथे बारीक तांबडा दिवा क्षणभर लागे. तो बकरीच्या पायानेही लागे. अक्का म्हणायच्या, "बकरी टायमावर येते, तुमचाच पत्ता नही." तेव्हापासून नाना फळीवर दोनदा पाय आपटू लागले. दिवा दोनदा लागला की अक्का पाण्याचा तांब्या भरून दार उघडायच्या...

नाना गेल्यावर घरी सांत्वनाला माणसं येत होती. प्रत्येकाच्या पायाने दिवा एकदा लागे. मी चुलीजवळ बसलो असताना तो दोनदा लागला. अक्का बोलता बोलता उठल्या, तांब्या भरला, दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो अनेकदा तसाच लागला, आणि अक्का दर वेळी उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर उभा राहिलो. यंदाच्या पावसाने दारासमोर रस्त्याला खड्डा पडला होता. केळीचा ट्रक गेला की आधी पुढची चाकं आदळत, मग मागची. फळी हादरत होती. मी हे पाटीवर लिहून अक्कांना दाखवलं. तार काढू का, तेही लिहिलं. त्यांनी पाटी पुसली.

"मले कयते रे भाऊ, टरक राह्यते," त्या म्हणाल्या. "पन दोनदा लागते ना..."

गेल्या आठवड्यात त्या रस्त्यावर डांबर पडलं. मुकादमाने मला सांगितलं, की बाई पाट टाकून खड्ड्यातच बसल्या, कुणाचं ऐकेनात. मजूर आधी हसले, मग थांबले. काल मी जाऊन पाहिलं. रस्ता दोन्हीकडून गुळगुळीत झाला आहे. अक्कांच्या दारासमोर हातभर खड्डा तसाच सोडलेला आहे.