आभाळ कोरडं, ओढा भरलेला

डहाणूजवळच्या आमच्या चिखल्याच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी पायाला लागलं, की अजूनही नेपाळमधला तो ओढा आठवतो.

सातवीत शाळा सोडलेला मी डहाणूच्या प्रवाशांबरोबर स्वयंपाकाला गेलो होतो. सकाळी घोटाभर पाण्यातून ओढा ओलांडून आम्ही डोंगरावरचं तळं बघायला गेलो. दुपारी परतलो तर तोच ओढा गढूळ होऊन घोंघावत होता. आभाळ मात्र निळंशार. आमच्या गावाकडच्या झरी नदीला पावसाशिवाय पाणी चढत नाही, म्हणून मी बेधडक उतरलो. बर्फगार पाणी कमरेला आलं आणि पायाखालचा दगड सरकला.

वाटाड्या पासांग धावत आला. कॉलर धरून त्याने मला काठावर ओढलं.

"ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो रे! पाऊस कशाला हवा?"

"शाळा सोडलीस ती सोडलीस, आता आम्हालाही सोडून चालला होतास?" आमच्यातल्या हंसाबेन रडत रडतच ओरडल्या.

सगळे हसले. लहान पोरासारखं ओढल्याची मला तेव्हा शरमच वाटली. पासांग गळ्यापर्यंत भिजला होता, ते बघूनही त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. मी वाहून जाऊ नये म्हणून तो प्रवाहाच्या खालच्या अंगाला, माझ्याहून खोल पाण्यात उभा राहिला होता.